आठव्या टेबलावरची बाटली

चिखली, २९ जून २०२५, रविवार

पायल,

बापाचं अक्षर पाहून पाकीट बाजूले फेकलं असन तर पुन्हा उचल. सल्ला देत नाही, लग्नाचं विचारत नाही, गावाकडं ये म्हणून रडगाणं गात नाही. दोन-तीन पानं आहेत, चहा पिता पिता होतीन. फोन करून पाह्यला असता, पण तू "आईले द्या" म्हणतं अन् मी देऊन टाकतो. अकरा वर्षांत आपण दोघं जेवढं बोललो, त्याच्याहून जास्त मी लॅबमधल्या ब्युरेटच्या स्टँडसंग एका दिवसात बोलतो.

कॉलेज सुरू झालं. भागवत सर रिटायर झाल्यापासून केमिस्ट्रीले कोणी टिकत नव्हतं, आता राखी मॅडम म्हणून आल्या आहेत. वयानं तुह्याएवढ्याच. बारावीच्या पोट्ट्यांले अकरावीतलं काही आठवत नाही म्हणून त्या पुन्हा पहिल्यापासून रिडॉक्सची, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या देण्याघेण्याची, समीकरणं जुळवायले शिकवून राह्यल्या. मी मागं टेस्टट्यूब पुसत उभा राहतो अन् ऐकतो. परवा त्यांनी मले पकडलंच. म्हणाल्या, काका, तुम्ही तीच टेस्टट्यूब अर्धा तास पुसून राह्यले, त्यापेक्षा वही घेऊन बसा ना. तं बसलो. छपन्नाव्या वर्षी, शेवटच्या बाकावर. पोट्टे हसले, मंग त्यांले माही सवय झाली.

सत्तावीस वर्षं झाली मले परिचर म्हणून. द्रावणं बनवली, बाटल्या भरल्या, परमँगनेटनं बोटं तपकिरी करून घेतली, पण समीकरण काही जुळवलं नव्हतं. तुले तं हे सारं येत होतं, तरी सांगतो, मले सांगायले बरं वाटते. परमँगनेटमधल्या मँगनीजचा नंबर अधिक सात असते. काम झालं की तो दोनवर येते, म्हणजे त्यानं पाच इलेक्ट्रॉन घेतले. लोखंड दोनचं तीन होते, म्हणजे ते बिचारं एकच देते. घेणारा पाच मागते अन् देणाऱ्याजवळ एकच, तं देणारे पाच उभे करा. मी मोठ्या ऐटीत वहीत मांडलं अन् मॅडमले दाखवलं. त्या म्हणाल्या, "काका, चार ऑक्सिजन कुठी गेले?" मी ते उडवूनच लावले होते. मंग त्यांनी दाखवलं. उजवीकडं चार पाणी, अन् त्या पाण्यासाठी डावीकडं आठ हायड्रोजन. शेवटी चार्ज मोजायचा, इकडून सतरा, तिकडून सतरा. जुळलं. अन् हे आठ हायड्रोजन येतात आम्लातून. सत्तावीस वर्षं मी पोट्ट्यांच्या टेबलावर आम्ल ठेवून राह्यलो अन् ते काऊन ठेवतो, हे मले गेल्या मंगळवारी समजलं. घे!

आता मुद्द्याची गोठ. तू जिथं काउंटरवर बसतं त्या रक्ततपासणी लॅबचे डॉक्टर तुले टेक्निशियनच्या कोर्सले पाठवतो म्हणतात, ड्युटी सांभाळून करू देतो म्हणतात, हे आईनं सांगितलं. फॉर्म एकतीस जुलैपर्यंत भरायचा आहे, हेही सांगितलं. अन् तू त्यांले म्हटलं, नको, माहा हात थरथरते, मले लॅबचं काम जमत नाही. हे ऐकलं अन् मी अर्ध्या जेवणावरून उठलो. तुह्या आईले वाटलं भाजी खारट झाली.

डॉक्टरले इतक्यात पक्कं नाही म्हणू नको. मले तुले काही सांगायचं आहे. आधी माहं मलेच ते नीट समजू दे.

बाबा


चिखली, ६ जुलै २०२५, रविवार

पायल,

तुहं उत्तर नाही आलं. येईन असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमनले दोनदा विचारलं. तो म्हणते, काका, आजकाल पत्र कोण लिहिते? मी म्हटलं, ज्याले फोनवर धीर होत नाही तो लिहिते.

या आठवड्यात आणखी एक समीकरण जुळवलं. पुस्तकात नाही ते. मी मॅडमले विचारलं, परमँगनेटसंग सल्फ्युरिकच काऊन? हायड्रोजनच पाहिजे तं हायड्रोक्लोरिकमधी काय हायड्रोजन नाहीत? मॅडम म्हणाल्या, आहेत ना, पण त्याच्यात क्लोराइडही आहे, अन् क्लोराइडही इलेक्ट्रॉन देऊन बसते. मांडून पाहा म्हणाल्या. दोन दिवस लागले मले. दोन परमँगनेट, दहा क्लोराइड, सोळा हायड्रोजन. उजवीकडं दोन मँगनीज, पाच क्लोरीन, आठ पाणी. दोन्हीकडं चार्ज अधिक चार. म्हणजे काय झालं? परमँगनेट जे नुसतं लोखंडावर खर्च व्हायले पाहिजे, त्यातलं थोडं क्लोराइडच खाऊन टाकते. ब्युरेटच्या नळीतून जास्त जाते. किती मिली गेलं ते रीडिंग वर चढते. करणाऱ्याचा हात किती का स्थिर असेना, रीडिंग वरच येणार.

समजलं का पायल, मी कुठी येऊन राह्यलो ते?

फेब्रुवारी २०१४. तुही बारावीची बोर्डाची प्रॅक्टिकल. एका बॅचले आठ टेबलं. आपल्या लॅबची रीत तुले माहीत आहे, लॅबवाल्या साऱ्यांलेच माहीत असते, पण कोणी बोलत नाही. आदल्या दिवशी द्रावण बनवलं की मी स्वतः रीडिंग काढून ठेवायचो, अन् टेबलावरच्या वॉशबॉटलच्या बुडाले आकडा लिहून चिकटपट्टी लावायचो. पोट्टे पाणी घ्यायच्या निमित्तानं बाटली उचलत अन् बूड पाहत. त्या दिवशीचा आकडा ९.८ होता. सातांनी ९.८ लिहिलं. तुह्या बाटलीले पट्टी नव्हती. तू तीनदा काढलं अन् तीनदा १०.३ लिहिलं.

बाहेरून आलेल्या परीक्षकानं साऱ्यांदेखत तुले म्हटलं, "मुली, तुझा हात स्थिर नाही. लॅबचं काम तुझं नाही." मी दारात बादली घेऊन उभा होतो.

सांजच्याले घरी येऊन तू एकच विचारलं, "बाबा, माह्या टेबलावरची आम्लाची बाटली बरोबर होती ना?" अन् मी म्हटलं, "बाटली बरोबर होती. हात थरथरला असन तुहा."

ती बाटली बरोबर नव्हती बेटा. आदल्या दिवशी सातव्या टेबलापर्यंत येता येता सल्फ्युरिक संपलं. बाकीचं घाईघाईत भरताना आठव्या टेबलावर हायड्रोक्लोरिक गेलं. चुकून झालं. मले तेव्हा एवढं ज्ञान कुठी होतं? आता समीकरण जुळवलं तेव्हा उजेड पडला.

तं तुहा हात थरथरत नाही. हे डॉक्टरले सांग अन् फॉर्म भर.

बाबा


चिखली, १३ जुलै २०२५, रविवार

पायल,

मागलं पत्र पेटीत टाकलं अन् वाटलं, सुटलो. बसस्टँडवर चहा पेलो, घरी आलो, झोपलो. पाच दिवस मजेत गेले. मंग मॅडमनं सारं उलटं केलं.

झालं असं, मी त्यांले म्हटलं मले एक प्रयोग करून पाहायचा आहे. शनिवारी अकरालेच कॉलेज सुटलं, त्या थांबल्या. मी २०१४ च्या वहीतून माप काढून तसंच द्रावण बनवलं. आधी सल्फ्युरिक टाकून पाह्यलं. ९.८, ९.८, ९.८. मंग हायड्रोक्लोरिक टाकलं. गावात नळाच्या पाण्यात पावडर जास्त पडली की वास येते ना, तसा जराक वास आला. पहिलं रीडिंग १०.२. दुसरं १०.४. तिसरं १०.३. मॅडम म्हणाल्या, हायड्रोक्लोरिकमधी असंच होते, थेंब किती जोरात सोडता त्याच्यावर आकडा हलते, एकसारखं येणं लय कठीण. मी सत्तावीस वर्षांचा जुना माणूस, मले तीनदा तोच आकडा काढता आला नाही. अठरा वर्षांच्या पोरीनं काढला होता. परीक्षक समोर बसला असताना.

मॅडमनं विचारलं, काका, हे सारं कशासाठी? मी त्यांले तुही गोठ सांगितली, तुले लिहिली तशीच. त्यांनी सारी ऐकून घेतली. मंग म्हणाल्या, "कोणती बाटली कोणत्या टेबलावर ठेवायची, हे कोण ठरवते?"

मी म्हटलं, मीच.

 मॅडमनं ब्युरेट धुवून स्टँडले लावली अन् गेल्या. आज सकाळी उठून मी पहिले हा कागद घेतला. कारण मागल्या पत्रात मी तुले अर्धंच लिहिलं. झाकली मूठ ठेवायची सवय झाली बेटा, जात नाही. आता सारं लिहितो.

चुकून झालं नव्हतं. सल्फ्युरिक संपलं तेव्हा साडेपाच वाजले होते. बुलढाण्याहून आणायले एसटीनं जाऊन-येऊन तीन तास. भागवत सर घरी निघून गेले होते. सर नेहमी म्हणायचे, परमँगनेटले सल्फ्युरिकच, दुसरं चालत नाही. मले वाटायचं, हे मास्तर लोकांचे चोचले. आम्ल ते आम्ल, आंबट ते आंबट. पण मनात एवढं तं होतंच, की एका बाटलीत काहीतरी कमी-जास्त आहे. मंग ती कोणाच्या टेबलावर ठेवावी? कोण कोणत्या टेबलावर, ती यादी माह्या खिशात होती. आठव्यावर तुहं नाव होतं.

जयंतीच्या पंगतीत मी वाढायले असलो की तुले शेवटच्या पंगतीत बसवायचो, आठवते का? बुंदी संपली तं माह्या पोरीची संपो, दुसऱ्याच्या लेकराची नको. लोकांनी म्हणू नये, प्रेमानंद आपल्या पोरीले आधी वाढते. तोच हिशेब मी तिथं लावला. लोक म्हणतात आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं. मी उलटं करून दाखवलं, अन् त्याची लय घमेंड होती मले. पट्टीही म्हणूनच नाही लावली. वाटायचं, माह्या पोरीले पट्टीची गरज नाही, तिचा हात साऱ्या बॅचमधी चांगला आहे. हे तुले तोंडानं कधी म्हटलं नाही ते नाहीच.

अन् दुसरं. मले समीकरण आता जुळलं, पण बाटलीची भानगड त्याच दिवशी समजली होती. चार वाजता भागवत सर स्टाफरूममधून निघाले, मी सहज विचारल्यासारखं विचारलं, सर, रीडिंग अर्ध्या मिलीनं वर आलं तं काय असते? सर म्हणाले, कोणी हायड्रोक्लोरिक टाकलं असन. तेवढंच म्हणाले अन् गाडीले किक मारली. परीक्षक तेव्हा आतच होता, अजून मार्कांवर सही झाली नव्हती. दहा पावलं चालून गेलो असतो अन् म्हटलं असतं, साहेब, त्या टेबलावरचं आम्ल चुकीचं आहे, माही चूक आहे, तं त्यानं तुले पुन्हा करायले लावलं असतं. पण माह्या पदाची मान्यता शिक्षण खात्यात अडकली होती. सोळा वर्षं काम करून कागद यायचा होता. मले भेव वाटलं. मी बादली उचलली अन् नळावर गेलो.

मंग घरी तू विचारलं. मी बाटलीची बाजू घेतली.

त्याच्यानंतर तू बी. एस्सी. ले नाव नाही घातलं. बी. ए. केलं, नाशिकले गेली, काउंटर धरला. मी दरवेळी म्हणायचो, तिची आवड बदलली. तुही आईही तेच म्हणते, कारण मी तिले तेच सांगितलं. काल तिले खरं सांगितलं. ती कणीक मळत होती. मळून झाल्यावर हात धुतले अन् म्हणाली, अकरा वर्षं मी पोरीले समजावत होते, बाप बोलला ते मनावर घेऊ नको. अन् तुम्ही माह्या शेजारी बसून ऐकत होते. तेव्हापासून ती माह्यासंग कामापुरतं बोलते. बरोबरच आहे तिचं.

बाबा


चिखली, २२ जुलै २०२५

पायल,

थोडंच लिहितो.

प्राचार्यांले सारं लिहून दिलं. त्यांनी वाचलं अन् म्हणाले, प्रेमानंद, आता अकरा वर्षांनी याचं मी काय करू, तुमचं रिटायरमेंट जवळ आलं, घरी घेऊन जा हे. मी म्हटलं, काही करू नका साहेब, नुसतं फाइलले लावा. लावलं त्यांनी, कुरकुर करत. वरातीमागून घोडं आहे, मले समजते. यानं तुहे मार्क वाढत नाही.

चिकटपट्टी बंद केली. मॅडमले सांगितलं, येत्या फेब्रुवारीत वॉशबॉटलमधी फक्त पाणी राहीन. पोट्ट्यांमधी बातमी फुटली अन् आता ते शनिवारी थांबून हात बसवून राह्यले. दोघा-तिघांचं जमते. बाकीच्यांचं पाहून डोस्कं दुखते.

फॉर्मले नऊ दिवस राह्यले. मी माफी मागून राह्यलो, हे फॉर्मसंग जोडू नको. माफ नाही केलं तरी चालते, बोलली नाही तरी चालते. ते तुहं माहं आहे, त्याले कितीही दिवस लागो. पण फॉर्मले तारीख आहे. माह्या एका वाक्यापायी तू आयुष्यभर काउंटरच्या अलीकडं बसली, अन् पलीकडं जाता येत असताना नाही म्हटलं, तं ते मले सोसणार नाही. एवढंच मागतो.

बाबा


नाशिक, ३० जुलै २०२५

बाबा,

चारही पत्रं मिळाली. पहिलं वाचून हसले, दुसरं वाचून काही वाटलं नाही, कारण ते खोटं आहे हे मले दिसत होतं. घाईत "चुकून" भरणारे तुम्ही नाही. तिसरं वाचल्यावर दोन दिवस कामावर गेले नाही. डॉक्टरांना सांगितलं ताप आहे.

राग आहे. लय आहे. परीक्षक परका माणूस होता, त्याचं मी महिनाभरात विसरले असते. तुमचं नाही विसरले. इथं सुरुवातीला मला सॅम्पलच्या नळ्या उचलून आत द्यायला सांगायचे, तर मी दोन्ही हातांनी धरायची. पोरी हसायच्या. अकरा वर्षं मी चहाचा कपही भरून घेत नाही, सांडेल म्हणून. सांडला कधीच नाही, हे आता लक्षात आलं.

फॉर्म काल भरला. डॉक्टरांनी हसून विचारलं, हात बरा झाला का? मी म्हटलं, हो, निदान चुकलं होतं. सप्टेंबरपासून क्लास आहेत, सकाळी सात ते दहा. आईले सांगा, अन् तिच्यासंग नीट बोला. ती कामापुरतं बोलली तरी तुम्ही जास्त बोला.

तुम्ही सारं लिहिलं, तर एक मीही लिहिते. आईलेही माहीत नाही.

तुम्हाले वाटते, पट्टी नव्हती म्हणून मला आकडा माहीत नव्हता. माहीत होता. सातव्या टेबलावर कोकिळा होती. माझं पहिलं रीडिंग येताच तिनं मान न वळवता हळूच सांगितलं, "नऊ पॉइंट आठ आहे, तेच लिही." पेन हातात होतं. लिहिलं असतं तर पूर्ण मार्क होते.

मी पुन्हा दोनदा करून पाहिलं अन् १०.३ च लिहिलं. मला वाटलं, कोकिळानंच पट्टीवरचा आकडा चुकीचा वाचला असेल. माझ्या टेबलावरच्या बाटल्या बाबांनी भरल्या आहेत, त्या चुकणार नाहीत.

पायल